पावणेचार वितींचा मॉनिटर

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या प्रार्थनेनंतर ठरवले: रोज लिहायचे. थोडक्यात. खरे तेवढेच.

काल उनाइसीचा राजधानीतून, सुवाहून, फोन. मुलीचे शेवटचे वर्ष. कॉम्प्युटरवरचा एक खेळ स्वतः तयार करून फेब्रुवारीत विद्यापीठाला द्यायचा आहे. सुट्टीत तिथली लॅब बंद. मैत्रिणीकडे मशीन आहे, म्हणून नाताळ सुवालाच काढणार म्हणाली. गेल्या नाताळातही ती आली नव्हती. मी विचारले, घरीच मशीन असले तर? ती हसली. मग म्हणाली, "असलं तर दोन महिने तिथेच राहीन, बाबा. पण असणार कुठून?"

बायको, वासेवा, मागच्या दारी जाऊन रडली. मी रडलो नाही. डुकरांना खायला घालून आलो. त्यांना आधीच घातले होते असे नंतर कळले.

निश्चय: मशीन करणार. तयार आणायचे नाही, सुटे भाग आणून जोडायचे. मी एकट्याने होडी बांधली आहे. त्या मानाने हे लहान काम.

(होडीबद्दल इथे जास्त लिहीत नाही.)

४ नोव्हेंबर

उनाइसीची यादी आली. आठ वस्तू. प्रत्येकीपुढे मॉडेलचे नाव, नंबर. खाली लिहिले आहे: "बाबा, हेच आणा. काही बदलू नका. मॉनिटर चोवीस इंची, सपाट, रंग खरे दाखवणारा. रंगीत दिवे नकोत."

यादी बरी आहे. मुलीचा हात अजून कच्चा आहे. सुधारून घेता येईल.

यांगोनाची तीन वर्षांची मुळे, ज्यांचे मानाचे पेय करतात ती, विकायला काढली. वासेवा म्हणाली, ती स्वयंपाकघराच्या छपरासाठी ठेवली होती. मी म्हणालो, छप्पर काय पळून चालले आहे? ती म्हणाली, "गेल्या वादळात पळालंच होतं."

बायकांना लांबचे दिसत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ

आज लम्बासा शहराला. पेनिओनीच्या ट्रकने. पेनिओनी माझ्या बहिणीचा मुलगा, वय अठ्ठावीस, राहतो नदीपलीकडच्या गावात. नदी ते लम्बासा असा प्रवासी ट्रक चालवतो.

भाच्याचा मामाच्या घरावर हक्क असतो. जे आवडेल ते उचलावे, मामाने हसून "ने बाळा" म्हणावे. पेनिओनीने आजवर माझे खोगीर नेले, एक गाभण डुकरीण नेली, होडी नेली. (होडी नेली तेव्हा मी मनापासून हसलो.)

म्हणून सावधगिरी: मशीनबद्दल त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

८ नोव्हेंबर. संध्याकाळ

बोललो. तीन तासांचा रस्ता आहे. माणूस किती गप्प बसणार?

हरदयालचे कॉम्प्युटरचे दुकान बाजाराच्या मागे. यादीतला चोवीस इंची मॉनिटर त्यांनी काढून दाखवला. शाळेतल्या पाटीसारखा. जीव नाही. शेजारी दुसरा होता. चौतीस इंची, दोन्ही टोके आत वळलेली. मी हरदयालना बाजूला घेऊन सांगितले की माल उन्हात राहून वाकला आहे, कमी किमतीत द्या. ते म्हणाले, "वाकला नाही हो, एमोसीभाऊ, वाकवलाय. त्याचेच तर जास्त पैसे."

वितीने मोजला. पावणेचार विती. सेकंदाला एकशे पासष्ट चित्रे दाखवतो. एका सेकंदात एवढे पाहून माणसाने करायचे काय, यावर थोडा वेळ विचार केला. देवानेसुद्धा सृष्टी करायला सहा दिवस घेतले.

मग घेतला.

कारण असे की त्यावर शेतीचा एक खेळ चालू होता. हरदयाल म्हणाले, बसा. मॉनिटर नीट तपासावा एवढ्यासाठीच बसलो. ट्रॅक्टरने पाच एकर नांगरले. चिखल नाही, डास नाही, कंबर दुखत नाही. मका पेरला. हरदयाल मागे उभे राहून प्रोसेसर, मदरबोर्ड असे पुष्कळ सांगत होते, मी मान हलवत होतो. उठलो तेव्हा पेनिओनी हॉर्न वाजवून वाजवून आत आला होता. म्हणाला, "मामा, मका काढूनच येणार का?"

नदीला पाणी होते. एवढे खोके डोक्यावर घेऊन उतारातून येणे बरे नाही, म्हणून मॉनिटर पलीकडे बहिणीच्या घरी ठेवला. तात्पुरता.

नोंद: घरामागे अळूच्या वाफ्यात गवत गुडघ्यापर्यंत आले आहे. उद्या बघतो. उद्या रविवार. परवा.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रवचन माझ्याकडे होते. विषय: आहे त्यात समाधान. चांगले झाले. मध्येच तोंडून "पावणेचार विती" गेले, पण मी ते नोहाच्या तारवाच्या मापात बसवून घेतले. कोणाच्या लक्षात आले नाही. वासेवा सोडून.

११ नोव्हेंबर

उनाइसीचा फोन. चोवीस इंचीच आणला ना, म्हणून विचारले. मी म्हणालो, त्याहून चांगला. मग, "रंग कसे आहेत, बाबा?" मी म्हणालो, सगळे आहेत, मी स्वतः पाहिले. ती म्हणाली, "बरं."

आनंद झाला असावा, शब्द सुचले नसतील.

मग विजेचे विचारले. आमच्याकडे वीज संध्याकाळी सहा ते नऊ, गावाच्या जनरेटरवर. मी तिला समजावले की विजेचे खांब पलीकडच्या काठापर्यंत आलेले आहेत, लाकडाच्या गिरणीमुळे. नदी चाळीस पावले रुंद. चाळीस पावलांसाठी वीज किती दिवस थांबणार? ती म्हणाली, "सहा वर्षं थांबलीय, बाबा."

तरुण माणसांत श्रद्धा कमी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी फेरी. घेतले: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, साडेसातशे वॉटचा पॉवर सप्लाय, कॅबिनेट.

कॅबिनेटला एका बाजूने काच आहे. आत तीन पंखे, त्यांतून रंगीत दिवे फिरतात. लाल, मग निळा, मग जांभळा. यादीत दिवे नको लिहिले होते, पण ते खर्चाच्या दृष्टीने लिहिले असणार. मी चर्चमधली रंगीत काच डोळ्यांसमोर ठेवून निवड केली. वडिलांच्या घरी आलेल्या मुलीला एखादी गोष्ट उजळलेली दिसावी.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड निवडताना खोक्यांचा रंग जुळवून घेतला. दोन्ही लाल.

नदीला पाणी आजही होते. बुडणार नाही असे पाणी होते. पण सामान मोलाचे. बहिणीच्या घरी ठेवले.

१७ नोव्हेंबर

वासेवा म्हणते, सगळे तिकडेच ठेवायचे तर इकडे काय येणार? मी म्हणालो, ते गोदाम आहे. घर हे घर.

आज बहिणीकडून निरोप आला. बहीण अकेनेता माझ्याशी थेट बोलत नाही, मीही तिच्याशी नाही. आमच्यात मोठे झाल्यावर भाऊ-बहिणीने समोरासमोर बोलायचे नसते. मान राखायचा असतो. म्हणून जे असेल ते वासेवाच्या तोंडून. निरोप असा: "वहिनी, दादाला सांग, खोकी झोपायच्या खोलीत मावत नाहीत, बाहेरच्या खोलीत मांडली तर चालेल ना?"

मी म्हणालो, मांडा. मग लक्षात आले की तिने "ठेवली" म्हटले नव्हते, "मांडली" म्हटले होते. पण परत निरोप पाठवणे शोभत नाही.

अळूच्या वाफ्यात आज जाणार होतो. ऊन फार.

२० नोव्हेंबर

पेनिओनी आला. हातात आमच्याच पपईच्या झाडाची पपई. येता येता काढली. म्हणाला, "मामा, तुमचा प्रोसेसर बोर्डावर बसत नाही."

मी विचारले, तुला कसे कळले? म्हणे खोकी उघडली. का उघडली? म्हणे उंदीर लागतील म्हणून. उंदीर खोक्याबाहेर असतात, असे मी म्हणालो. तो म्हणाला, "म्हणून तर माल बाहेर काढून कपाटात ठेवला."

गोष्ट अशी की प्रोसेसर एका घराण्याचा आणि बोर्ड दुसऱ्या घराण्याचा. ही सोयरीक होत नाही. हरदयालनी सांगितले नव्हते.

सांगितले असेल तर मी तेव्हा पेरणीत होतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बोर्ड बदलून आणला. हरदयाल म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तीनदा सांगितलं. तुम्ही तीनदा हो म्हणालात." मी म्हणालो, मी मनात तुलना करत होतो. ते म्हणाले, "मुलीची यादी आहे ना खिशात? तीच द्या की मला, मी काढतो सगळं." दिली नाही. मग बाप म्हणून माझे काम काय उरले?

हरदयालकडे आणखी तीन एकर. कापणी झाली. पीक उत्तम.

२६ नोव्हेंबर

कागदावर हिशेब केला, विजेचा. गावात चाळीस घरे, घरटी दोन दिवे. माझे मशीन सुरू झाले तर सगळे दिवे मंद होतील, आणि पास्टरांच्या घरचा विझेल, कारण ते शेवटी आहेत. तीन तास. रोज.

पास्टर सहनशील आहेत. पण त्यांच्या सहनशीलतेवर बांधकाम करणे बरे नाही.

नदीकाठी जाऊन पलीकडचे खांब पाहिले. पाच. पहिल्या खांबावर बगळा बसला होता. खांबांबद्दल प्रार्थना केली. देव करील ते वेळेवरच करील. उनाइसी वीस डिसेंबरला येईल म्हणते. त्याआधी करील तर बरे.

३० नोव्हेंबर, रविवार

काही विशेष नाही. वासेवाने विचारले, "मशीन इथे चालणार नाही हे पोरीला कधी सांगणार?" मी म्हणालो, चालणार नाही असे कोण म्हणते? ती म्हणाली, "तुमचा कागद."

तिने कागद वाचला. माझ्या सुलुच्या, कमरेच्या वस्त्राच्या, खिशात होता. खिशात हात घालायची आमच्याकडे रीत नाही.

४ डिसेंबर

ग्राफिक्स कार्ड आले. लम्बासात नव्हते, सुवाहून बोटीने मागवले. पेनिओनीने परस्पर उतरवून घेतले. मला निरोप मिळाला. संध्याकाळी नदी ओलांडून पाहायला गेलो. पाणी घोट्यापर्यंत.

दोन्ही हातांत घेतले. बाळासारखे वजन. पेनिओनीची बायको म्हणाली, "मामंजी, डोळ्यांत काय गेलं?" धूळ होती.

हे आले म्हणजे उनाइसी आली.

६ डिसेंबर, शनिवार

जोडणी. पेनिओनीच्याच घरी, कारण तपासायला वीज लागते. तपासले की उचलून आणायचे, असे ठरले. म्हणजे मी ठरवले.

सूचनांचे पुस्तक होते. मी वाचले नाही, होडीच्या वेळीही वाचले नव्हते. पेनिओनीने वाचले. त्याने फोनवर उनाइसीला समोर बसवले होते आणि ती एकेक सांगत होती. मी स्क्रू धरून होतो. महत्त्वाचे काम. एक स्क्रू खाली पडला की सगळे चटईवर गुडघे टेकून शोधत होते. चौदा माणसे. प्रार्थनेला एवढी येत नाहीत.

दुपारी तीनला सुरू झाले. दिवे फिरले. लाल, निळा, जांभळा. मुले ओरडली, म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अकेनेता दारात उभी होती. माझ्याकडे न पाहता वासेवाला म्हणाली, "दादाने केलं हो." मीही भिंतीकडे पाहून म्हणालो की सगळ्यांची मदत झाली.

मग तपासणीसाठी शेतीचा खेळ घातला. वीस मिनिटे ठरवली होती. चार तास झाले. तपासणी अर्धवट करून उपयोग नसतो.

मॉनिटरची स्तुती करायची नव्हती. केली. भाच्यासमोर. मोठ्याने. पेनिओनी म्हणाला, "हो मामा, छानच आहे."

९ डिसेंबर

तपासणी चालू. एकोणीस एकर.

वासेवा अळूच्या वाफ्यात एकटीच कोयता घेऊन. मी नदीकडे जाता जाता हाक मारून सांगितले, राहू दे, मी येतो. ती म्हणाली, "या. इथे तुम्हाला ट्रॅक्टर लागेल."

११ डिसेंबर

पेनिओनीने कळवले की शनिवारी तो आणि त्याच्या कुळातली तीन माणसे रीतीने भेटायला येणार, देवमाशाचा दात घेऊन.

दात साध्या कामाला आणत नाहीत. लग्न, क्षमा, मोठा मान. माझ्या मते कारण उघड आहे. जिल्ह्याच्या मुख्य उपदेशकाची जागा रिकामी आहे आणि पलीकडच्या गावाला मी हवा आहे. मशीनमुळे त्यांना माझी योजकता दिसली असावी.

उत्तराचे भाषण तयार करतो. नम्र पण भारदस्त.

१३ डिसेंबर, शनिवार. दुपारी एक

झाले. लिहितो.

नवी चटई घातली होती. यांगोनाच्या वाट्या फिरल्या. मग पेनिओनी गुडघ्यांवर पुढे आला आणि दात दोन्ही हातांत धरून बोलू लागला. चांगले बोलतो. आमच्या घराण्याचे, मातीचे, आजोबांचे नाव घेतले. त्याचे बोलणे लांबत होते, आणि मी मनातल्या मनात माझ्या भाषणाची दुसरी ओळ बदलत होतो. "पात्र" घ्यावे की "लायक", यावर अडलो होतो. तेवढ्यात तो थांबला आणि दात पुढे केला.

मी दात घेतला. नाकाशी नेला, वास घेतला, रीतीप्रमाणे. म्हणालो: जे मागितले ते दिले. जे मागायचे मनात राहिले, तेही दिले. सगळ्यांनी हात पोकळ करून टाळ्या वाजवल्या. तिघांपैकी एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

वासेवाही माझ्याकडे पाहत होती. वादळात छप्पर उडाले तेव्हा तिने असेच वर पाहिले होते.

१३ डिसेंबर. दुपारी चार

वासेवाने विचारले, "काय दिलंत ते माहीत आहे ना?"

मी म्हणालो, संमती.

ती म्हणाली, "मशीन. मॉनिटरसकट, वायरींसकट. आणि मनात राहिलेलं पण देतो म्हणालात, म्हणून ते आपलं टेबलही नेताहेत."

मी बसलो. तिने माझ्यापुढची वाटी उचलली. मग म्हणाली, "आणि उनाइसी. सुट्टीपुरती. आत्याकडे राहून काम करेल म्हणाला. तिथे वीज आहे, आत्या सांभाळेल. हे सगळं तो तुमच्यासमोर बसून बोलला, उनाइसीचे बाबा. माझ्यापर्यंत ऐकू आलं."

१४ डिसेंबर, रविवार

चर्चला गेलो. गायलो.

१५ डिसेंबर

विचार केला. दात परत करता येईल का? आजवर कोणी केलेला नाही. पणजोबांच्या वेळी एकाने केला होता, त्याचे गाव आता नाही.

बहिणीला समजावता आले असते. पण बहिणीशी मी बोलत नाही. वासेवाला म्हणालो, तू सांग. वासेवा म्हणाली, "काय सांगू? की दादा म्हणतो, माझ्या पोरीला तुझ्या घरी नको ठेवू?"

नाही. असे सांगता येत नाही.

पेनिओनी भेटला. "मामा, रागावला नाहीत ना? हक्काने उचललं असतं तर चाललं असतं, पण एवढं मोठं होतं म्हणून म्हटलं रीतीने मागावं." मी म्हणालो, ने बाळा. हसलो. तो म्हणाला, "हसताय ना?" मी म्हणालो, हे बघ, हसतोय.

उनाइसीला हे कळवायला हवे. सकाळपासून तीनदा लिहिले, तीनदा पुसले. खोटे लिहायचे नाही आणि खरे लिहिले तर ती येणारच नाही, अशी भीती. शेवटी लिहिले: "मशीन तयार आहे." यात खोटे काही नाही.

उत्तर आले: "माहीत आहे, बाबा. पेनिदादाशी बोलणं झालंय. वीसला येते."

म्हणजे तिला आधीपासून. म्हणजे सगळ्यांना.

चांगले आहे. एकाने योजना आखायची, बाकीच्यांनी ती ओळखायची, यालाच घर म्हणतात.

१८ डिसेंबर

अळूचा वाफा साफ केला. सगळा. आता गवताचे एक पातेही नाही. वासेवाने चहा आणून दिला आणि काही बोलली नाही, यावरून काम बरे झाले असावे.

उनाइसीची खोली झाडली. तिची चटई उन्हात टाकली. रात्री झोपायला तर इकडे येईलच.

२० डिसेंबर, शनिवार

उनाइसी आली. नदीवर उभा होतो, दोन तास आधीपासून. ट्रक पलीकडच्या काठाला थांबला. ती उतरली. केस कापले आहेत. हात हलवला, मीही हलवला. मग पेनिओनीने तिची बॅग खांद्यावर घेतली आणि ते दोघे वरच्या रस्त्याने आत्याच्या घराकडे गेले.

ती वळून ओरडली, "बाबा, सामान टाकून येते!"

आली. एक तास बसली. आईच्या हातचे खाल्ले. वाफा पाहून म्हणाली, "कोणी केला?" वासेवा म्हणाली, "तुझ्या बाबांनी." ती हसू लागली आणि मग हसायची थांबली.

जाताना चटई घेऊन गेली. उन्हात टाकलेली होतीच.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

उनाइसी सकाळी चर्चला आमच्या बाकावर. मधे बसली, आमच्या दोघांच्या. तिचा आवाज आईवर गेला आहे.

भट्टीतले डुक्कर, अळूचे कंद, नारळाच्या दुधातली पाने. अकेनेताची सगळी मंडळी आमच्याकडेच. चोवीस पाने. अकेनेता वासेवाला म्हणाली, "दादाला सांग, पोरगी रात्रीचं वेळेवर जेवते. मी बसवते." मी वासेवाला म्हणालो, तिला सांग, देव तिचे भले करो. दोघे एकाच चटईवर होतो.

तीन वाजता उनाइसी उठली. काम राहिले आहे म्हणाली. फेब्रुवारी लांब नाही.

मॉनिटरबद्दल मीच विचारले. रंग? ती म्हणाली, खोटे आहेत, लाल फार लाल दिसतो, म्हणून चित्रे फोनवर पुन्हा पडताळून घेते. मग म्हणाली, "पण मोठा आहे, बाबा. सगळ्यांना मागून दिसतं."

हा गुण मी निवडताना लक्षात घेतलाच होता.

२९ डिसेंबर, सोमवार

आज सकाळी पलीकडे गेलो. उनाइसीने सांगितले होते की तिच्या खेळाला परीक्षक हवेत. खेळायचे, कुठे अडते ते ती बाजूला बसून लिहून घेते. विद्यापीठाला ते दाखवावे लागते.

बाहेरच्या खोलीत रांग. मी अकरावा. पुढे पास्टर. मागे पेनिओनीची सासू. मी म्हणालो, मी वडील आहे. पास्टर म्हणाले, "आम्हीही सकाळी सहापासून आहोत, एमोसी."

उनाइसीने अकराला सुरू केले, पावणेबाराला माझा नंबर. खेळात एक बाई आहे, ती एका घराभोवती फिरते. घराला दार आहे. ते उघडायचे. बाकी काही मला दिसले नाही, कारण ते उघडले नाही. मी सगळी बटणे दाबली. बाई उड्या मारत राहिली. मागून पेनिओनीची सासू म्हणाली, "अरे, पाटी वाच की! दाराजवळच पाटी आहे!" पास्टरांनी दार दोन मिनिटांत उघडले होते म्हणे. उनाइसी कोणाला मदत करत नव्हती, तसा नियम आहे. ती फक्त माझ्याकडे पाहायची आणि लिहायची.

पेनिओनी म्हणाला, "मामा, उठा आता, लोक जेवायचे आहेत." उठलो.

ती पाणी प्यायला गेली तेव्हा वही उघडी होती. वाचली. दुसऱ्याची वही वाचू नये. लिहिले होते:

"परीक्षक अकरा. वय एकोणपन्नास. सूचना वाचत नाही. सांगितलेलं ऐकत नाही. दार उघडलं नाही. वेळ: एक्केचाळीस मिनिटं. बाकी कोणी पाच मिनिटांच्या वर बसलं नाही. याला थांबवावं लागलं."

एक्केचाळीस मिनिटे. बाजूच्या स्टुलावर ती, इकडे मी. तिच्या केसांना अजून तेच खोबरेल. मधे एकदा तिने न विचारता माझी कॉलर सरळ केली.

परत येताना नदीवर बसून विचार केला. पाटी आता मी वाचली आहे. दगड उचलायचा, खाली किल्ली असते. सोपे आहे.

उद्या पुन्हा नंबर लावला आहे. दगड उचलणार नाही.